विहिरीचं ताट

गेल्या वर्षी जानेवारीत आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर न दिलेली पत्रं माझ्याकडे बरीच आहेत, पण हे पत्र मी हरवलं नव्हतं की विसरलोही नव्हतो. उलट ते अगदी जागच्या जागी होतं. मी ज्या वाचनालयातून निवृत्त झालो तिथे संगणक आला तेव्हा पुस्तकांच्या कार्डांचं जुनं लाकडी कपाट अडगळीत गेलं. ते मी हट्टानं घरी आणलं. त्याला साठ छोटे खण आहेत. एका खणावर 'उत्तर देणे' अशी चिठ्ठी आहे. पत्र त्यात होतं. शिवाय 'वेळबंदर' नावाचं एक कार्ड मी केलं आणि त्यावर लिहिलं, 'पाहा : समुद्र.' मग 'समुद्र' नावाचं कार्ड करून त्यावर लिहिलं, 'पाहा : उत्तर देणे.' एवढी व्यवस्था लावली की माणसाला आपण बरंच काम केल्यासारखं वाटतं. मला चौदा महिने तसं वाटत होतं.

माझी बायको दाक्षायणी या कपाटाला 'तुमचं अजगर' म्हणते. त्यात गेलेला कागद परत बाहेर आलेला तिनं पाहिलेला नाही.

पत्र का आलं ते सांगायचं तर आधी चपलांचं सांगायला हवं.

आमच्या सोलापुरात 'बारव मित्र' नावाचा एक गट आहे. चार-पाच निवृत्त माणसं, दोन शिक्षिका, एक दातांचे डॉक्टर आणि कल्लप्पा. कल्लप्पा वळसंगचा गवंडी. विहिरी खणणं आणि बांधणं हे त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. बाकीचे आम्ही जुन्या पाण्याबद्दल पुस्तकात वाचून हळहळणारे. सहा वर्षांपूर्वी वळसंगच्या वाटेवरची एक पायऱ्यांची जुनी विहीर, म्हणजे बारव, आम्ही साफ करायला घेतली. पायऱ्यांवर शेवाळ होतं म्हणून सगळे अनवाणी उतरायचे. पहिल्याच रविवारी एका कुत्र्यानं डॉक्टरांचा बूट पळवला. त्यामुळे वर कोणीतरी बसायला हवं असं ठरलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाळाची पाटी उचलायला गेलो की पाटी आणि मी दोघेही खाली ठेवावे लागत, असा त्यांना अनुभव आला होता.

असे एकवीस रविवार मी बारवेच्या काठावर, कडुलिंबाखाली, चपला सांभाळत बसलो. काम चोख केलं. एकही जोड गेला नाही.

काम संपल्यावर एका दिवाळी अंकानं लेख मागितला. लिहायचं माझ्याकडे आलं, कारण मी वाचनालयातला, आणि बाकीच्यांच्या पाठी दुखत होत्या. लेख लिहिताना मला एकाएकी अंगात आल्यासारखं झालं. एरवी मी रिक्षावाल्याला 'सात रस्ता' सांगतानाही 'जमलं तर' असं जोडतो. पण कागदावर मी एखाद्या सरदारासारखा बोललो. त्यातलं एक वाक्य तर मला इतकं आवडलं की ते मी लिहिल्यावर उठून पाणी प्यालो :

'तळाचा खडक दिसेपर्यंत थांबू नये. जो अर्ध्यावर थांबला त्याने विहीर साफ केली नाही, नुसतं तिचं तोंड धुतलं.'

आयुष्यात माझं असं हे एकच वाक्य झालं. लोकांनी ते कार्यक्रमांत म्हटलं. एका साहेबांनी ते भाषणात स्वतःचं म्हणून वापरलं, तेव्हा मी पाचव्या रांगेत बसून लाजलो. खरं तर मला राग यायला हवा होता.

हा लेख फिरत फिरत कोकणातल्या वेळबंदरला पोचला आणि तिथून श्रीमती इंदुमती चोगले यांचं पत्र आलं. निवृत्त मुख्याध्यापिका, अक्षर सुपारीसारखं ठसठशीत. पत्रातला महत्त्वाचा भाग असा :

'आमचं गाव लहान, पण मंडळं तीन. पहिल्या रविवारी किनारा मंडळ वाळूतलं प्लास्टिक आणि तुटकी जाळी उचलतं. दुसऱ्या रविवारी तट मंडळ जुन्या कोटाच्या भिंतीत रुजलेले पिंपळ काढतं. चौथ्या रविवारी पाणी मंडळ. माणसं तीच चाळीस, टोप्या तेवढ्या वेगळ्या. मी तिन्हींची चिटणीस आहे.

'भरतीच्या रेषेपासून शंभर पावलांवर आमची गोडी विहीर आहे. पूर्वी गलबतं तिचं पाणी भरून पुढे जात. ती कचऱ्यानं बुजली होती. आपला लेख वाचून आम्ही कामाला लागलो. अकरा फूट गाळ निघाला. पाणी आलं, गोड आहे, पण वैशाखात कमी पडतं. आता तळाला निळसर, चिवट मातीचा थर लागला आहे. आमची तरुण मंडळी म्हणतात, हा फोडून खडकापर्यंत जायचं. आपलं वाक्य त्यांनी पत्र्यावर रंगवून विहिरीपाशी लावलं आहे. कोळीवाड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणतात, ते विहिरीचं ताट आहे, ताट फोडू नका. सभेत दोन तट पडले. शेवटी ठरलं की आपल्याला विचारावं. आपण अनुभवी. आपलं उत्तर येईपर्यंत आम्ही थरावर पहार मारणार नाही.'

आता मला कोणीही सांगावं, या पत्राला मी काय उत्तर देणार होतो? मी आमच्या बारवेतसुद्धा कधी उतरलो नव्हतो. आणि समुद्राचं म्हणाल तर मी तो पाहिलेलाच नाही. मुंबईला एकदा ग्रंथपालांच्या परिषदेला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना चौपाटीवर नेलं. मी खोलीत राहिलो आणि माझा निबंध पुन्हा तपासत बसलो. तो निबंध मी आदल्या दिवशी वाचून दाखवला होता.

तरी मी प्रयत्न केला. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात 'आपल्या पत्राने आनंद झाला' एवढं एकच विधान ठाम होतं. मग मी भूजलावरची पुस्तकं आणली. तिसऱ्या मसुद्यात तळटिपा आल्या. पाचवा मसुदा मोहेंजोदडोपासून सुरू होत होता आणि वेळबंदरला पोचायच्या आधी शाई संपली. तोवर पावसाळा आला. आता उशिराची क्षमा मागणं आलं. आठवड्याच्या उशिराला एक ओळ पुरते, महिन्याला परिच्छेद लागतो. सहा महिन्यांनी माझ्या मसुद्यात क्षमा तीन पानं आणि विहीर अर्धं पान असा मजकूर झाला. मग मी तो खण लावून टाकला. त्यांनी एव्हाना दुसऱ्या कोणाला विचारलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जगात विहिरीतली माणसं पुष्कळ आहेत.

या मार्चमध्ये, गुरुवारी दुपारी, एक पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड ही फार निर्लज्ज गोष्ट. ते आधी पोस्टमन वाचतो, मग दाक्षायणी वाचते, मग मी.

दाक्षायणीनं दारातच मोठ्यानं वाचलं :

'स. न. वि. वि. चौदा महिने आपल्या उत्तराची वाट पाहिली. आपण उत्तर दिलं नाही त्या अर्थी लेखात लिहिलं तेच आपलं मत कायम आहे, असं सभेनं धरलं आहे. पाडव्यानंतरच्या रविवारी, म्हणजे बावीस तारखेला, ब्रेकर लावून थर फोडायचा आहे. आपले आशीर्वाद असावेत. इंदुमती चोगले.'

तिनं कार्ड उलटं करून पाहिलं, जणू मागे काही बरं लिहिलेलं असेल.

"अहो, हे कोण?"

"वेळबंदरचे."

"आणि तुम्ही उत्तर दिलं नाही?"

"देतोच आहे."

"चौदा महिने?"

"मसुदे आहेत," मी म्हणालो आणि अजगराकडे पाहिलं.

"अय्यो शिवने!" दाक्षायणी खाटेवर बसली. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी घरातलं. भीती किंवा राग आला की ती कानडीत शिरते. "चाळीस माणसं तुमच्या एका वाक्यापायी हात बांधून बसली, आणि तुम्ही कार्डं करत होतात? आता खरं सांगा. फोडायचा का नाही तो थर?"

"तेच तर मला माहीत नाही."

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचारा की!"

ही गोष्ट मला चौदा महिन्यांत सुचली नव्हती. मी भूजलावरच्या नऊ पुस्तकांना विचारलं होतं. कल्लप्पाला नाही.

कल्लप्पाचं काम तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत चाललं होतं. कंपाउंडच्या भिंतीवर तो ओळंबा धरून उभा होता. मला पाहून खाली उतरला, हात पुसले आणि चहा सांगितला. मी सरळ मुद्द्यावर यायचं ठरवून आलो होतो, त्यामुळे आधी भिंतीची चौकशी केली, मग त्याच्या गुडघ्याची. शेवटी म्हणालो, "कल्लप्पा, आपल्या बारवेत खडक किती फुटांवर लागला होता रे?"

"कुटला खडक?"

"तळाचा."

"आपन कुटं खडकापतूर गेलो, सर?" त्यानं बशीत चहा ओतला. "पिवळी माती लागली आन् म्या थांबीवलं की सगळ्यास्नी. दाक्तर म्हनत व्हते, आजून खनू. म्या म्हटलं, बास. आता हात लावायचा न्हाय."

"पण मी लेखात लिहिलंय, खडक दिसेपर्यंत थांबू नये."

"तसं लिवलंय व्हय?" कल्लप्पाला खरंच नवल वाटलं. "म्या वाचला न्हाय सर तुमचा लेख. माज्या फोटूपुरता बगितला. फोटू लई बेस आलता."

"अरे पण मला सांगायचंस ना!"

"तुमी इचारलं कवा?" तो हसायला लागला. "एकवीस आयतवार मला तुमी एकच गोष्ट इचारली. कल्लप्पा, तुजी चप्पल कंची?"

भिंतीवरचे दोघे जण थापी थांबवून हसले. त्यांना गोष्ट कळली नव्हती, पण चप्पल कळली होती.

मी पोस्टकार्ड काढून त्याला वाचून दाखवलं. मग पहिलं पत्रही, कारण मी ते खणातून काढून आणलं होतं. 'ताट' हा शब्द आला तसा कल्लप्पाचं हसणं गेलं.

"ती म्हातारी शानी हाय," तो म्हणाला. "सर, तुमाला सांगतो. माज्या चुलत्याची हीर व्हती वळसंगात. गोड पानी. पर त्याला हाव सुटली. आजून खाली चल म्हनला. तळाची माती फोडली. पानी आलं की! ढिगानं आलं. आठ दिसांत मचूळ झालं. जनावरं तोंड लावंनात. आज तीस वर्सं झाली, त्या हिरीत कबुतरं ऱ्हात्यात."

"का होतं असं?"

"गोड पानी वर आसतं, खारं खाली. मदी ती माती, ताटावानी. माती फोडली की खालचं वर येतंय. आमच्यात, हितं कोरड्या मुलकात, कवा कवा आसं हुतंय. आन् ती तर समिंद्राच्या काठाला! तितं खाली काय आसंल?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तितं खाली समिंद्रच आसंल की, सर."

नऊ पुस्तकांतल्या एकात हेच होतं. मी त्याचा उतारा तळटिपेत घेतला होता. पण तळटिपेत घेतलेली गोष्ट आपल्याला लागू असते, हे माझ्या लक्षात येत नाही.

"मग पाणी वाढवायला त्यांनी करायचं काय?" मी विचारलं. निदान एवढं विचारायची बुद्धी झाली.

"खाली न्हाय जायाचं. बाजूचे झरे मोकळे करायचे. दगडाच्या सांदीत माती बसलेली आसती, ती लोखंडी सळीनं हळू काडायची. आन् पंप लावायचा न्हाय. पोहऱ्यानं वडायचं." तो उठला. "लवकर कळवा सर. ब्रेकर लई वंगाळ. पाच मिंटांत काम करतोय."

घरी येऊन मी दाक्षायणीला सांगितलं. तिनं पत्रावरचा फोन नंबर पाहिला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी नंबर लावला, एक रिंग वाजली, मी बंद केला. म्हटलं, दुपारची वेळ, बाई झोपल्या असतील. तिनं मोबाइल परत घेतला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"हॅलो? कोण?" आवाज खणखणीत होता.

"सोलापूरहून बोलतेय."

"आम्ही चादरी मागवलेल्या नाहीत."

"चादर नाही हो. म्हेत्र्यांच्या घरून. सिद्रामप्पा म्हेत्रे. लेखवाले."

पलीकडून कावळ्यांचा आवाज आला. मागे आणखी एक संथ, घोळणारा आवाज होता. तो समुद्राचा असेल असं मला वाटलं. नंतर कळलं, मिक्सर होता.

"आहेत का ते?" बाईंनी विचारलं. "आम्ही एकदा श्रद्धांजलीचा ठराव मांडणार होतो. मग कोणीतरी म्हणालं, आधी खात्री करून घ्या."

दाक्षायणीनं माझ्याकडे बोट केलं. मी मोबाइलपाशी वाकून म्हणालो, "नमस्कार. थर फोडू नका."

"काय?"

"थर. ताट. फोडू नका. माझं चुकलं."

"हे मला चौदा महिन्यांपूर्वी हवं होतं," बाई म्हणाल्या, पण आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "अहो, मीसुद्धा त्यांना तेच सांगत्येय. पण ऐकतंय कोण? आता एक करा. हे लिहून पाठवा. सहीनिशी. पोस्टानं."

"तुम्ही सांगा ना त्यांना. फोन आला होता म्हणून."

"नाही चालायचं. आमच्याकडे तोंडी निरोप बंद आहेत. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी फोनवर सांगितलं, कोटाच्या कोपऱ्यावरचं झाड काढा. तट मंडळानं काढलं. ते पलीकडच्या परसातलं फणसाचं झाड होतं, ऐन धरलेलं. त्या घरचे अजून आमच्याशी बोलत नाहीत. तेव्हापासून नियमच आहे. सल्ला लिहिलेला हवा, सही हवी आणि काम सुरू व्हायच्या आधी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. मोबाइलवर फोटो पाठवाल तर तोही नको, त्या मोबाइलवर रोज दहा जण दहा सल्ले पाठवतात. कागद हवा, फायलीला लावायला."

"बरं," मी म्हणालो.

"आणि स्पष्ट लिहा, म्हेत्रे. तुमचं ते वाक्य लाल रंगात पत्र्यावर आहे. पोरांना तोंडपाठ आहे. 'काही परिस्थितीत', 'साधारणपणे' असलं काही घातलंत तर ती पोरं त्याच्यावरून ब्रेकर घालतील. का चुकलं तेही लिहा, नाहीतर म्हणतील बाईंनी दबाव आणला."

फोन बंद झाला. 'का चुकलं तेही लिहा.' म्हणजे चाळीस अनोळखी माणसांसमोर, समुद्रकिनारी, मोठ्या आवाजात चपलांची गोष्ट वाचली जाणार. तीही एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडून, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी.

मी लिहायला बसलो. दाक्षायणी समोर परात घेऊन ज्वारी निवडायला बसली. एरवी ती स्वयंपाकघरात निवडते.

पहिला मसुदा झाल्यावर ती म्हणाली, "वाचा."

मी वाचलं, "'आमच्या लेखातील विधान हे दख्खनच्या पठारावरील विशिष्ट भूस्तरांच्या संदर्भात केलेले असून, किनारपट्टीवरील परिस्थितीत त्याचा...'"

"थांबा. म्हणजे इथल्या बारवेपुरतं तरी ते बरोबर होतं?"

"नाही."

"मग तसं का लिहिलंत?"

खरं कारण मला माहीत होतं. पठाराच्या आडोशाला ते वाक्य जिवंत राहिलं असतं. कोकणात मेलं तरी सोलापुरात राहिलं असतं. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, आणि लोकांनी पुन्हा म्हणावं असं माझ्या हातून दुसरं काही लिहून झालेलं नाही. हे मी तिला सांगितलं नाही, पण पन्नास वर्षांचा संसार आहे.

ती ज्वारीतून खडे काढत राहिली. "छान वाक्य होतं ते," ती म्हणाली. "मीही माहेरी सांगितलं होतं. पण आता साकु. पुरे. काढा ते."

दुसरा मसुदा फार मोठा झाला. तिसऱ्यात क्षमा जास्त झाली. दाक्षायणीनं ती निवडून काढायला लावली. ओळीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, हा खडा. चौथा मसुदा एका पानाचा झाला. तो असा :

'श्रीमती इंदुमती चोगले आणि तिन्ही मंडळांचे सभासद यांस नमस्कार.

'विहिरीचा निळा थर फोडू नका. त्याच्या खाली खारं पाणी आहे. थर फुटला तर ते वर येईल आणि गोडी विहीर कायमची जाईल. कोळीवाड्यातल्या बाई म्हणतात ते बरोबर आहे.

'माझ्या लेखात खडकापर्यंत जावं असं लिहिलं आहे. ते चूक आहे. आमच्या बारवेतही आम्ही खडकापर्यंत गेलो नव्हतो. कल्लप्पा या आमच्या गवंड्यानं मातीचा थर लागताच काम थांबवलं होतं. मला ते माहीत नव्हतं, कारण मी खाली उतरलोच नाही. मी एकवीस रविवार वर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो. वाक्य ऐकायला चांगलं लागलं म्हणून लिहिलं. कृपया पत्र्यावरून ते पुसून टाका.

'पाणी वाढवायचं तर, कल्लप्पा सांगतो त्याप्रमाणे, बाजूच्या दगडांच्या सांधींतली माती लोखंडी सळईनं हळूहळू काढा म्हणजे झरे मोकळे होतील. पंप लावू नका, पोहऱ्यानं ओढा. काही अडलं तर कल्लप्पाला विचारा. त्याचा नंबर खाली देत आहे. मला विचारू नका.

'मी समुद्र पाहिलेला नाही.

'उशिराबद्दल क्षमा करावी.
सिद्रामप्पा म्हेत्रे.'

"शेवटून दुसरी ओळ कशाला?" दाक्षायणीनं विचारलं. "समुद्राची."

"त्यांना कळायला हवं, सल्ला देणारा किती पाण्यात आहे ते."

"बरं, राहू दे ती." मग म्हणाली, "पण 'मला विचारू नका' काढा."

"का?"

"पुढच्या पत्राला तुम्ही उत्तर द्याल म्हणून."

ती ओळ मी खोडली. खाडाखोड दिसते म्हणून पत्र पुन्हा लिहायला घेतलं, तर तिनं कागद ओढून घेतला आणि घडी घातली.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं पोस्टात गेलो. ती का आली हे मी विचारलं नाही. पाकीट तिच्या पर्समध्ये होतं. रांगेत आमच्या पुढे एक बाई परदेशातल्या मुलाला चटण्या पाठवत होत्या. त्यांचं चटण्यांचं वर्णन संपेपर्यंत मी मनातल्या मनात पत्र दोनदा वाचलं. 'सांधी' की 'सांदी', हे मनात आलं. कल्लप्पा 'सांदी' म्हणतो. वेळबंदरला काय म्हणत असतील? 'लोखंडी सळई' म्हटल्यावर कोणी जाड पहार घेतली तर?

"पोचेल ना वेळेत?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. तिच्या पाटीवर 'पूनम' असं नाव होतं.

"स्पीड पोस्ट आहे काका. चार दिवस लागतील, फार तर पाच."

रविवार नऊ दिवसांवर होता. दाक्षायणीनं बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

"आत काय आहे?" पूनमनं विचारलं. "कागदपत्रं का वस्तू?"

"पत्र," मी म्हणालो.

तिनं मान वर करून पाहिलं. "नुसतं पत्र?"

"हो."

"पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिलेला नाही. लिहा. पोचलं नाही तर परत येतं."

मी पेन हातात घेतलं. हा पत्ता मी घातला नव्हता तो विसरून, की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. मी लिहिला, पिन कोडसकट, आणि पाकीट आत सरकवलं. तिनं पट्टी चिकटवली, शिक्का मारला. माझ्या मनात आलं, पाकीट एक मिनिट मागून घ्यावं. सळईची जाडी लिहायची राहिली आहे. करंगळीएवढी, इतकंच लिहायचं होतं, एकच शब्द.

"मॅडम," मी म्हणालो.

"देऊ नका हो त्यांना," दाक्षायणी म्हणाली. "काही झालं तरी देऊ नका."

पूनम हसली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते पडल्याचा आवाजही आला नाही. पुढच्या गिऱ्हाइकानं कोपर पुढे घातलं. दाक्षायणीनं माझा हात धरून काउंटरवरून मागे घेतला. पाकीट परत मागायला पुढे केलेला तो तोवर तिथेच होता.